मी नाही मनःपूर्वक आभार मानते

बिनचूकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ती कचेरीत टंकलेखनाला लागली, त्याच्या थोडंच आधी तिथल्या जुन्या टंकलेखिकेच्या हातून एका साहेबांच्या बदलीचा हुकूम दुसऱ्याच साहेबांच्या नावाने निघाला होता, आणि ते बिचारे सामान बांधून निघालेसुद्धा होते. कचेरी त्या धक्क्यातून सावरत होती, म्हणून या नव्या मुलीचा प्रत्येक कागद तिघातिघांनी तपासून पाहिला. कुणालाच काही सापडेना. शेवटी हेडक्लार्क वैतागून म्हणाले, "ही बिनचूक बाई कुठून आणलीत? आम्हाला काही कामच ठेवत नाही." नाव पडलं ते पडलं. पुढे नोकरी संपली, केस पांढरे झाले, टाइपरायटर माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी लेकीने घेऊन दिलेला कॉम्प्युटर आला, तरी नाव काही सुटलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही ते सोडायचं नव्हतं. माणसाला एखादा तरी माज असावा. हिला हा होता.

आता ती घरीच टायपिंगची कामं घ्यायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याला तिने स्वतः शिवलेलं सुती झाकण, आणि प्रिंटरला त्याच कापडातलं धाकटं झाकण. नोकरीचे अर्ज, भाडेकरार, सोसायटीतल्या तक्रारी, काय वाट्टेल ते यायचं. फ्लॉपीचे दिवस होते. लोक ती चौकोनी फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून आणत आणि टाइप झालेलं तिच्यावरच घरी नेऊन आपापल्या कॉम्प्युटरवर उघडून बघत.

या उद्योगातला दुसरा भागीदार म्हणजे तिचे यजमान. ते रेल्वेत निवेदक होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर येते आहे, हे एका काचेच्या खोलीत बसून जगाला सांगण्यात त्यांची हयात गेली, म्हणून गल्लीत त्यांना फलाटकाका म्हणत. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. जेवताना "मीठ द्या" म्हणाले तरी ऐकणाऱ्याला आपलं सामान जवळ ओढून घ्यावंसं वाटे. ती टाइप करायची, छापील पान काकांच्या हातात द्यायची, आणि काका ते मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. ती मूळ हस्तलिखितावर पट्टी सरकवत ऐकायची. याला ते दोघं ताळा म्हणत. भांडण झालं तरी ताळा चुकत नसे. फक्त त्या दिवशी स्वल्पविराम जरा जोरात यायचे.

व्हायरस हा शब्द दोघांनी ऐकला होता. पण तो इंटरनेटवाल्यांना होतो अशी त्यांची पक्की समजूत होती. आपण कुठे बाहेर जातो, आपल्याला कशाला काय लागेल? कॉम्प्युटर दिला तेव्हा लेकीने बजावलं होतं की अँटिव्हायरस घालून घ्या. काकांनी फोनवर "हो, हो" म्हटलं आणि विषय तिथेच मिटला.

त्यांच्या गिऱ्हाइकांत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. गोगलगायींवर प्रबंध लिहीत होत्या. सुरुवातीची प्रकरणं त्यांनी स्वतःच घरी टाइप केली होती, पण दोन बोटांनी. त्या वेगाने गोगलगाय प्रबंधाच्या पुढे निघून जाईल हे लक्षात आल्यावर त्या फ्लॉपी आणि उरलेलं हस्तलिखित घेऊन बिनचूकबाईकडे आल्या. ती फ्लॉपी पहिल्यांदा उघडली तेव्हा पडद्यावर एक चौकट आली. या फाइलमध्ये मॅक्रो आहेत, ते चालू करायचे की बंद ठेवायचे, असं काहीसं ती विचारत होती.

"मॅक्रो म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

"मला काय माहीत. पण इतकं अदबीने विचारतोय तर हो म्हण," काका म्हणाले. नियंत्रण कक्षातून आलेल्या कुठल्याही प्रश्नाला हयातभर त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. तिने हो म्हटलं. त्यानंतर ती चौकट पुन्हा कधी आली नाही, आणि उगाच टोकणारं कुणीतरी गप्प बसलं म्हणून दोघांना बरंच वाटलं.

पुढे थोड्याच दिवसांत वरच्या मजल्यावरचे विमा एजंट हसत हसत खाली आले. सोसायटीच्या कमिटीला त्यांनी अर्ज दिला होता की माझे सासरे सेवानिवृत्त असून घरातील कुत्रा आजारी आहे, तरी लिफ्ट लवकर दुरुस्त करावी. फ्लॉपीवरून त्यांनी ऑफिसात छापून घेतलेल्या कागदावर मात्र होतं, "माझे सासरे असून घरातील सेवानिवृत्त कुत्रा आजारी आहे."

"कुत्रा कुठल्या खात्यातून निवृत्त झाला, असं कमिटी विचारतेय," एजंट म्हणाले.

ती हसली. हसावं तर लागतंच. पण एजंट वर गेल्यावर तिने आपल्याकडची छापील प्रत काढून पाहिली. तीत सासरेच सेवानिवृत्त होते. मग फाइल उघडली, तर तिच्यात कुत्रा. म्हणजे ताळा झाल्यावर तिनेच पुन्हा फाइल उघडून काहीतरी घोळ घातला असणार, आणि तो आता आठवतही नाही.

मग दातांच्या डॉक्टरांचं सूचनापत्रक. "दात काढल्यावर तासभर काही खाऊ नये" यातला "नये" उठून पुढच्या ओळीत जाऊन बसला, आणि आता दात काढल्यावर तासभर काही खाऊ, असा सहलीचा बेत तयार झाला. एका मागोमाग एक अशी पत्रं परत येऊ लागली. आपली भाषाही अशी सोशीक की शब्दाची जागा बदलली तरी वाक्य ओरडत नाही, भलतंच काहीतरी बोलतं आणि साळसूद चेहऱ्याने बसून राहतं. हे यंत्राचं काम असेल अशी शंकाही येत नाही. माणसाचं लक्ष उडालं की होतं, अगदी तसंच दिसतं.

आणि हेच तिला खात होतं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई शब्द विसरली नव्हती, शब्द सगळे होते, जागा चुकत होत्या. "दूध बंद कर, पंखा उतू जातोय," असं ती एकदा म्हणाली आणि सगळं घर हसलं. आईही हसली. पुढे ती स्वतःच्या लेकीला आई म्हणायला लागली तेव्हा कुणी हसलं नाही. बिनचूकबाईने ते सगळं निस्तरलं होतं, न्हाऊमाखू घालण्यापासून शेवटपर्यंत. आता आपलंही वय तेवढंच झालं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

काकांना सांगावं असं तिला वाटलं नाही. उलट कळू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपू लागली. काका भाजी आणायला बाहेर पडले की ती झाकण काढायची, झालेल्या फायली एकेक करून उघडायची, वाचायची, हललेला शब्द उचलून जागच्या जागी ठेवायची आणि बंद करायची. दुसऱ्या दिवशी उघडावी तर दुसराच शब्द हललेला. इतकं करूनही चुका वाढतच होत्या. भरीला आणखी एक. कॉम्प्युटरचं झाकण तिला दोनदा उलटं घातलेलं दिसलं, शिवण बाहेर आणि नक्षी आत. ज्या बाईने ते स्वतः शिवलं, तिने ते उलटं घालावं? काका तर कॉम्प्युटरला हात लावत नसत, ते फक्त वाचत. म्हणजे हेही आपणच केलं. त्या दिवशी तिने हाय खाल्ली.

शेवटी तिने मनाशी ठरवून टाकलं की आता नवं काम घ्यायचं नाही. गोगलगायींचा प्रबंध मॅडमना परत द्यायचा आणि सांगायचं, दुसरं कुणीतरी बघा. नाव गमावून काम करण्यापेक्षा नाव शिल्लक आहे तोवर झाकण घातलेलं बरं. हे ठरवताना तिला रडू आलं. मग डोळे पुसून तिने मॅडमना फोन लावला.

मॅडम त्याच दिवशी दुपारी आल्या, धापा टाकत. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाल्या, "काकू, आधी मला प्रबंध बघू द्या. त्यातलं पहिलं पान."

पहिलं पान आभाराचं होतं. तिने फाइल उघडली. काका खुर्ची ओढून मागे येऊन बसले. पडद्यावर होतं, "माझ्या मार्गदर्शकांचे मी नाही मनःपूर्वक आभार मानते."

बिनचूकबाईचं धाबं दणाणलं. मग मॅडमना हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. "काकू, हे मात्र अगदी खरं आहे. हे असंच राहू द्या," त्या म्हणाल्या.

"हसू नका हो. माझंच काहीतरी बिघडलंय. त्यासाठीच बोलावलं तुम्हाला," ती म्हणाली.

"तुमचं कशाला बिघडेल? हा 'नाही' कुठून आलाय ते शोधा." शोधायला वेळ लागला नाही. पुरेशी ओल मिळाली नाही तर गोगलगाय शंखाचं तोंड बंद करून झोपते, असं मूळ वाक्य होतं. त्यातला "नाही" निघून आभारात आला होता, आणि आता पुरेशी ओल मिळाली की जगातल्या झाडून सगळ्या गोगलगायी झोपी जात होत्या.

मग मॅडमनी सांगितलं ते असं. त्यांनी स्वतः घरी टाइप केलेल्या, बिनचूकबाईकडे कधी न आलेल्या फायलींतही शब्द हलायला लागले होते. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत हललेला एक शब्द विभागप्रमुखांनीच पकडला, तेव्हा त्यांनी कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाला फ्लॉपी दाखवली. तो व्हायरस निघाला. हा इंटरनेटवरून यावा लागत नाही. लिहिलेल्या फाइलच्याच पोटात एक छोटा प्रोग्राम दडलेला असतो, त्यालाच मॅक्रो म्हणतात. फाइल उघडली की तो जागा होतो, एखादा शब्द उचलतो, दुसरीकडे नेऊन ठेवतो, आणि त्या कॉम्प्युटरवर पुढे जी जी फाइल उघडाल तिच्यात शिरतो.

"आणि तुमच्याकडे तो माझ्याच फ्लॉपीतून आला, काकू. चार दिवसांपूर्वीच कळलं, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती. आज तुमचा फोन आला तेव्हा म्हटलं, आता शिव्या खायला जायलाच हवं."

बिनचूकबाई खुर्चीतून पुढे सरकली. "म्हणजे शब्द तो हलवतो? मी नाही?"

"तुम्ही नाही."

तिने पुन्हा विचारलं. मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं.

पर्समधून सीडी निघाली, कॉलेजातून आणलेला अँटिव्हायरस. तो आत घालताना कॉम्प्युटरने पुन्हा एक-दोन प्रश्न विचारले, आणि काका सवयीने "हो म्हण" असं म्हणणार तोच दोघी त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या. ते गप्प बसले. मग तपासणी सुरू झाली. पडद्यावर फायलींची नावं सरसर वर जाऊ लागली, आणि लागण झालेली फाइल आली की टुंग असा आवाज होऊन नाव लाल व्हायचं. लिफ्टचा अर्ज, टुंग. दातांचं पत्रक, टुंग. भाडेकरार, टुंग. घरात रोगराई सापडते आहे आणि घरची बाई प्रत्येक आवाजाला खुलते आहे, असं दृश्य मॅडमनी कधी पाहिलं नसेल. एखादं नाव लाल न होता पुढे गेलं की तिचा चेहरा पडायचा. ती तर मनातल्या मनात म्हणत होती, अजून निघू देत, सगळ्या निघू देत.

"एक कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "फाइल उघडल्याशिवाय हा काही करत नाही. माझ्याकडे एवढे शब्द हलले नव्हते. या फायली सारख्या कोण उघडत होतं?"

बिनचूकबाईने मान खाली घातली. "मी. हे भाजीला गेले की दुरुस्त करत होते."

तेवढ्यात मागून, फलाटावर अजिबात ऐकू गेला नसता अशा बारीक आवाजात, फलाटकाका म्हणाले, "मी पण."

ती वळली.

"तू आंघोळीला गेलीस की उघडत होतो," ते म्हणाले. "रोज मागे बसून बघतोच की, उघडायचं कसं आणि पुसायचं कसं ते. तुझ्या नजरेला पडायच्या आत दुरुस्त करून ठेवायचो."

"आणि झाकण?"

"घाईत घालायचो. उलटसुलट कोण बघतंय."

म्हणजे एकाने दुरुस्त करायला उघडायची, व्हायरसने एक शब्द हलवायचा, मग दुसऱ्याने ती चूक काढायला पुन्हा उघडायची. एकमेकांपासून लपवून दोघांनी मिळून त्या व्हायरसची इतकी बडदास्त ठेवली होती, जितकी कुठल्या पाहुण्याची ठेवली नसेल. मॅडमना पुन्हा हसू येत होतं, पण या दोघांचे चेहरे पाहून त्यांनी ते गिळलं, तपासणी संपवून फायली साफ करून दिल्या आणि चहासाठीसुद्धा न थांबता निघाल्या.

त्या गेल्यावर तिने कॉम्प्युटरला झाकण घातलं, नक्षी बाहेर आणि शिवण आत. जीव भांड्यात पडला होता हे खरं, पण त्यातच एक काटाही सलत होता.

"पहिल्यांदा मला वाटलं, माझेच डोळे गेले," काका आपण होऊन म्हणाले. "वाचताना माझ्याकडून सुटतंय."

"आणि मग?"

"मग रोज नवी चूक दिसायला लागली. मग तुझी आई आठवली."

"म्हणजे तुम्हालाही तेच वाटलं." तिला वाईट वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही. "मला वाटणं वेगळं. तुम्ही मला न सांगता मनात धरून बसलात. मी मूर्खासारखी रोज ताळ्याला बसत होते, आणि तुम्ही आधीच सगळं झाकून ठेवलेलं."

"तुला कळलं तर तू खचशील असं वाटलं."

"आईला आम्ही असंच जपलं," ती म्हणाली. "कुणी तिला सांगितलंच नाही. सगळे आपले हो ला हो. तिला कळत होतं की काहीतरी होतंय, पण विचारायला माणूस नव्हतं. अहो, उद्या माझं खरंच तसं सुरू झालं, तर मला तोंडावर सांगा. मागून पुसत बसू नका."

काकांनी मान डोलावली. तिला ते पुरलं नाही. "नुसती मान नको. बोला."

"सांगेन. तोंडावर सांगेन," काका म्हणाले, आणि या वेळी आवाज नेहमीचा होता.

व्हायरस गेला तरी हललेले शब्द काही आपोआप घरी परतले नाहीत. अँटिव्हायरस चोराला हाकलतो, सामान जागेवर लावून देत नाही. ते काम दोघांनाच करायचं होतं. तिने आधी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं की आमच्या घरून तुमच्याकडे व्हायरस आला असेल, तुमचाही कॉम्प्युटर तपासून घ्या. बिनचूकबाईने स्वतःच्या तोंडाने हे सांगावं, याला धैर्य लागतं. एजंट म्हणाले, "बरं झालं, कुत्र्याची पेन्शन थांबवतो." दातांच्या डॉक्टरांना तर हसताना ठसकाच लागला. नाव काही गेलं नाही. मग तिने माळ्यावरच्या खोक्यातली जुनी हस्तलिखितं काढली आणि एकेक फाइल नव्याने ताळ्याला घेतली. दिवसचे दिवस ते घर गोगलगायींनी भरून गेलं. काका त्या अशा थाटात वाचत की प्रत्येक गोगलगाय ठरल्या फलाटावर वेळेवर दाखल होते आहे असं वाटावं. मध्येच अँटिव्हायरस टुंग करून काहीतरी विचारायचा. तेव्हा काका वाचन थांबवून समोरून गाडी जाऊ द्यावी तसे शांत बसत, आणि ती चौकट शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून मगच उत्तर द्यायची. हे दिवस तिला फार आवडले. कितीतरी दिवसांनी ती धास्ती न घेता खुर्चीत बसत होती.

प्रबंध वेळेवर गेला. आभाराच्या पानावर "नाही" नव्हता. मॅडमना ते अजूनही जरा खटकत होतं.

त्यानंतर एका सकाळी कुठल्याशा कचेरीचं एक पत्र ताळ्याला होतं. साधं पत्र, रोजचंच. ती पट्टी धरून बसली, काका वाचू लागले आणि पहिल्याच ओळीत थांबले. ती वाट बघत राहिली. काका पुढे वाचेनात. तिने वर पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगं," ते म्हणाले, "इथे 'जावक क्रमांक' हवं. तू 'जावई क्रमांक' लिहिलंयस."

तिने कागद हातात घेऊन पाहिला. मूळ हस्तलिखितात स्वच्छ "जावक" होतं. शब्द जागचा हलला नव्हता, अक्षर बदललं होतं. असलं काम व्हायरस करत नाही.

"माझीच ना ही?" तिने विचारलं.

"तुझीच."

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग जावयाला क्रमांक दिलेला पाहून तिला हसू आलं, आणि काकांनाही, कारण जावई एकच होता आणि त्याला कळलं असतं तर तो रुसला असता. तिने अक्षर पुसून नीट केलं, पान नव्याने छापून त्यांच्या हातात दिलं आणि पट्टी पहिल्या ओळीवर ठेवली.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "हं, वाचा पुढे."